साखळीतलं शेवटचं नाव

आमच्या मुअल्लिमांनी वीस वर्षं पोरांना शिकवलं की देव नाही. एकविसाव्या वर्षी त्यांनाच हुकूम आला, आता खलिफा शिकवा.

मी त्या दिवशी तंदुरातून नान काढत होते. हे अंगणात येऊन उभे राहिले, काखेत शाळेची पिशवी, आणि चेहरा असा पडलेला की मला वाटलं कुणीतरी गेलं. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाही. आमचं सगळं गिजदुवान गाव त्यांना मुहिद्दीन मुअल्लिम म्हणतं, मी नुसतं मुअल्लिम म्हणते.

"अहो मुअल्लिम, बोला की. काय झालं?"

"विषय बदलून दिलाय. पहिले चार खलिफा, इमाम बुखारी, इमाम तिर्मिझी, बिरुनी, इब्न सिना. नववीला, आठवड्यातून दोन तास."

मला हसूच फुटलं. एक नान निखाऱ्यात पडला तरी हसतच होते. "तुम्ही? आणि खलिफा?"

"तोशपुलात म्हणतो, गावात या विषयाचा अभ्यास तुमच्याशिवाय कुणाचा आहे?"

तोशपुलात म्हणजे शाळेचा मुख्याध्यापक. आणि बोलत होता ते खोटं नव्हतं. लाल झेंड्याचा मोठा देश मोडला त्याला जेमतेम वर्ष झालं होतं. त्याआधी आमचे मुअल्लिम शाळेतलं नास्तिकतेचं मंडळ चालवायचे, आणि एखादी गोष्ट खोडून काढायची तर आधी ती वाचावी लागते. मशिदीत नमाज पढवणाऱ्या दोमलांना चार खलिफांची नावं पाठ होती, यांना तारखांसकट पाठ होती. आता तेच कागद काढायचे आणि जिथे 'नाही' लिहिलंय तिथे 'आहे' म्हणायचं, असा तो सगळा कारभार.

पहिल्याच तासाला माती खाल्ली. वीस वर्षांची वळलेली जीभ, ती काय एका हुकमाने सरळ होते? हे फळ्यापुढे उभे राहिले आणि घसा साफ करून म्हणाले, "आज आपण तथाकथित पहिले खलिफा अबू बक्र यांच्याविषयी..." सगळा वर्ग खो खो हसला. दिवस मावळायच्या आत कोपऱ्यावरचे कुंभार नियोझबोबो काठी टेकत दारात हजर. "काय रे मुहिद्दीन, हजरत अबू बक्र तुझ्या वर्गात तथाकथित झाले म्हणे? मग मी कोण, तथाकथित म्हातारा?"

पुढच्या आठवड्यात यांनी प्रत्येक नावाआधी हजरत लावलं, तर जिल्हा कचेरीतला माणूस मागच्या बाकावर येऊन बसलेला. तास संपल्यावर विचारतो कसा, "मुअल्लिम, ही शाळा आहे की मशीद?" तोशपुलातने यांना खोलीत बोलावून समजावलं, की प्रेमाने शिकवा, पण फार प्रेमाने नको. मी म्हटलं, त्याला सांगा, मोजायचा चमचा पाठवून दे, तेवढंच प्रेम घालू.

मी चेष्टा करत होते, पण माणूस बदलत चालला होता. आधी नोकरी म्हणून वाचायचे, मग वाचायला लागले म्हणून वाचायचे. एक दिवस जर्दाळूखाली बसून मला मोठ्याने वाचून दाखवलं. अबू बक्र खलिफा झाले तेव्हा लोकांसमोर उभे राहून म्हणाले होते, मी नीट वागलो तर मला मदत करा, चुकलो तर मला सरळ करा. यांनी ते तीनदा वाचलं आणि पुस्तक मिटून गप्प बसले. मीही मटार सोलत गप्प बसले. का गप्प बसलो ते आम्हा दोघांनाच ठाऊक होतं, म्हणून तुम्हाला आता सांगावंच लागेल.

चौऱ्याहत्तर साल. कापसाच्या हंगामात माझे वडील वारले. सुतार होते. शेवटचे तीन महिने ते आमच्याकडे होते आणि तीन महिने त्यांना उचलून आंघोळ घातली ती आमच्या मुअल्लिमांनी. हे ध्यानात ठेवा, कारण गावात कुणीच ठेवलं नाही. मयत मात्र भावाच्या दारातून निघायची, म्हणून वडिलांना तिकडे नेलं. माझा मोठा भाऊ, वोहिद अका, तोही त्याच शाळेत मास्तर. गणित शिकवायचा. मला अक्षरओळख त्यानेच करून दिली, मी पाच वर्षांची असताना, मांडीवर बसवून.

त्या काळात मास्तरांना मयतीला जायची मुभा होती, दारात उभं राहून लोकांचं सांत्वन घ्यायची मुभा होती, पण जनाज्याची नमाज सुरू झाली की मास्तराने भिंतीकडे सरकायचं. जो रांगेत उभा राहील त्याचं नाव कचेरीत जायचं. नाव कोण पाठवणार? नास्तिकतेच्या मंडळाचा प्रमुख. म्हणजे सासऱ्याच्या जनाज्याला जावई खिशात कागद घेऊन गेला. नाही म्हणायची सोय नव्हती, समोर तुतीच्या झाडाखाली कचेरीचा माणूस सिगारेट ओढत उभा होता.

आम्ही बायका आत रडत होतो. बाहेर काय झालं ते मला शेजारणीने येऊन सांगितलं. जनाजा उचलताना मुअल्लिमांनी खांदा पुढे केला, तर वोहिद अकाने सगळ्या गावादेखत यांचा हात झटकला. "तू लांब हो. नास्तिकाच्या खांद्यावरून माझा बाप जाणार नाही." आणि मग अका स्वतः नमाजेच्या पहिल्या रांगेत जाऊन उभा राहिला.

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की रडू तिथल्या तिथे आटलं. तीन महिने तू कुठे होतास रे? तुझ्या बापाचं अंग कुणी पुसलं?

दुसऱ्या दिवशी दुपारी मुअल्लिमांनी कच्चा कागद माझ्यापुढे ठेवला. त्यांचं अक्षर म्हणजे कोंबडीने पाय आपटलेले. मी वाचनालयात पुस्तकांची कार्डं लिहायची, माझं अक्षर गावात नावाजलेलं. कचेरीत जाणारा प्रत्येक कागद मीच उतरवून द्यायची. या कागदात तेवीस नावं होती.

"अकराव्या ओळीवर वोहिद आहे," ते म्हणाले. "झाडाखालच्या माणसाने त्याला पाहिलं की नाही, मला माहीत नाही. पाहिलं असेल आणि नाव गाळलं, तर आपण दोघं गेलो. तू जसं उतरवशील तसं मी सही करीन." एवढं बोलून ते झाडांना पाणी घालायला निघून गेले.

आणि मी अकरावी ओळ लिहिली. छान, वळणदार.

आठवड्याभरात अकाला शाळेतून काढलं. गणिताचा मास्तर कापूस केंद्रावर काट्यापाशी उभा राहून पोती मोजायला लागला. मी स्वतःला सांगत आले की भीती होती, दोन लहान लेकरं होती, दुसरं काय करणार होते. होती ना भीती. पण आधी राग होता, खरं सांगते, भीती मी मागाहून शोधून काढली.

मुअल्लिमांनी कागद पाहिला, सही केली आणि पुढे कधी एक अवाक्षर काढलं नाही. गाव म्हणालं, मुहिद्दीनने मेहुण्याला खाल्लं. लग्नात म्हणालं, मयतीत म्हणालं, माझ्याच तंदुरापाशी बसून म्हणालं. हे ऐकून घ्यायचे आणि मी तोंडाला कुलूप लावून बसायची. उघडलं तर मी संपणार, नाही उघडलं तर हे रोज थोडे थोडे संपणार. अठरा वर्षं त्या घरातून आमच्याकडे कुणी आलं नाही, आमच्याकडून तिकडे कुणी गेलं नाही. मध्ये फक्त दोन गल्ल्या.

आता नववीच्या त्या वर्गात अकाची मुलगी होती. मोहिगुल. पंधरा वर्षांची, डोळे बापाचे, जीभ कुणाची ते खुदालाच माहीत. मुअल्लिम रोज तिच्याकडे न बघता शिकवायचे.

वसंतात इमाम बुखारींचा धडा आला. बुखारा आमच्यापासून तासाभरावर, त्यामुळे पोरांना वाटायचं आपल्याच गावचा माणूस. मुअल्लिमांनी समजावलं की हा माणूस एकेका वचनासाठी महिनोन्महिने प्रवास करायचा, आणि पहिला प्रश्न विचारायचा, तुला हे कुणी सांगितलं? त्याला कुणी? त्याला कुणी? असं मागे मागे जात ज्याने स्वतः ऐकलं-पाहिलं त्याच्यापर्यंत. मधलं एक नाव गळलं की साखळी कच्ची. साखळीतला एखादा माणूस एकदा जरी खोटं बोललेला निघाला, तर त्याची साक्ष धरायची नाही, मग तो कितीही मोठा असो.

आणि उत्साहाच्या भरात यांनी पोरांना गृहपाठ दिला. घरात सांगितली जाणारी एक गोष्ट घ्या आणि तिची साखळी लावा. या माणसाला मी काय म्हणू! ज्याच्या घरात अशी गोष्ट पुरलेली आहे त्याने गावभर कुदळी वाटल्या.

चार दिवसांनी फाटक वाजलं. दारात मोहिगुल, छातीशी वही.

"तुम्हाला आत्या म्हणू, की परक्या बाईला म्हणतात तसं सानोबर ओपा?"

मी फाटक पुरतं उघडलं. "आत्याच म्हण की. ये, आत ये. चहा घेतेस?"

"आधी गृहपाठ." ती अंगणातल्या बैठकीवर टेकली आणि वही उघडली. "माझ्या बाबांचं नाव कचेरीत कुणी लिहून दिलं, ती माझी गोष्ट. मला आईने सांगितली, आईला शेजारच्या हाफिझा ओपांनी, त्यांना त्यांच्या नवऱ्याने, त्यांना कचेरीतल्या शिपायाने. शिपाई वारला, साखळी तुटली. म्हणून मी दुसऱ्या टोकाने आले. ज्या घरात कागद लिहिला त्या घरात डोळ्यांनी पाहणारं माणूस कोण? तुम्ही."

"बापाने पाठवलं का तुला?"

"पाठवलं नाही, अडवलंही नाही. म्हणाले, जा, विचार तिला. ती सांगेल ते जसंच्या तसं लिही."

तेव्हा मला यातलं काही कळलं नाही. मी फक्त तिच्या हातातलं पेन बघत होते. आता बोल, सानोबर, असं आतून कुणीतरी म्हणत होतं, आता पोरगी आपल्या पायांनी चालत आली आहे, बोल. आणि माझ्या तोंडातून निघालं, "मुअल्लिमांनी."

"स्वतःच्या हाताने?"

"स्वतःच्या हाताने."

"तुम्ही पाहिलंत?"

"पाहिलं."

तिने लिहून घेतलं, चहाला नको म्हणाली आणि गेली. मी दाराची कडी लावली आणि तिथेच बसले. खोटं बोलणं इतकं सोपं असतं आणि त्यानंतर इतकं जड होतं, हे मला त्या वयातही नव्यानेच कळलं.

दोन दिवसांनी मुअल्लिम वह्यांचा गठ्ठा घरी घेऊन आले. आधी खूश होते. एका पोराच्या आजोबांनी लांडगा मारला होता, पण साखळी लावता लावता लांडग्याचा कुत्रा झाला आणि शेवटच्या म्हातारीने सांगितलं की कुत्राही पळून गेला होता. आम्ही दोघं पोट धरून हसलो. मग त्यांनी खालची एक वही काढली. हसणं थांबलं. शेवटपर्यंत वाचून वही माझ्याकडे सरकवली.

शेवटी मोहिगुलने लिहिलं होतं: 'माझे वडील वोहिद. कचेरीत त्यांना यादी दाखवली होती. ते म्हणतात, अक्षर मुअल्लिमांचं नव्हतं. ज्या हाताचं होतं त्याला अक्षरं मीच शिकवली आहेत, म्हणून नाव सांगणार नाही. माझी आत्या सानोबर. ती म्हणते, मुअल्लिमांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, मी पाहिलं. दोघंही डोळ्यांनी पाहणारे आहेत. दोघांपैकी एक खोटं बोलतंय. मुअल्लिमांनी सांगावं, कुणाचं धरायचं?'

म्हणजे अकाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आणि अठरा वर्षं तो गावाला मुहिद्दीन, मुहिद्दीन म्हणू देत राहिला, बहिणीचं नाव येऊ नये म्हणून. एका बाजूने हा मला झाकत होता, दुसऱ्या बाजूने हे मला झाकत होते, आणि मध्ये माझा श्वास कोंडला होता तो कुणाला दिसत नव्हता.

"फाडा ती वही," मी म्हटलं.

"उद्या ती उभी राहून वाचणार. सगळेच वाचतात."

"मग मी वर्गात येते. सांगते सगळं."

"आणि पोरं विचारतील, परवा खोटं का सांगितलंत? मोहिगुललाच उत्तर द्यावं लागेल सगळ्यांना. राहू दे. मी बघतो."

दुसऱ्या दिवशी ते जेवायच्या वेळेला घरी आले ते डोक्यावरची टोपी न काढताच बसले.

"मी सांगितलं, आत्याचं धरा. कागद मीच लिहिला. तुझ्या वडिलांची नजर चुकली असेल, कचेरीत उभा असलेला माणूस घाबरलेला असतो."

"आणि पोरगी?"

"पोरगी म्हणाली, मुअल्लिम, इमाम बुखारींनी कुणाचं धरलं असतं? मी म्हणालो, बस खाली." त्यांनी नानचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवून दिला. "बसली ती. सानोबर, वोहिदचं नाव आपण आधी घालवलं, आज तीस पोरांसमोर मी त्याचा शब्द घालवला. तोशपुलातला सांगून आलो, हा विषय माझ्याकडून काढ. तो म्हणाला, दुसरा माणूस कुठून आणू, वर्ष संपेपर्यंत ओढा. उद्या परत तोच वर्ग, तोच धडा. मी तिथे उभं राहून काय शिकवू ते तरी सांग."

इतक्या वर्षांत गाव एवढं बोललं तरी मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. मी रुमाल डोक्यावर घेतला आणि निघाले.

दोन गल्ल्या, दुसरं काय. फाटक अकानेच उघडलं. केस सगळे पांढरे, खांदा एका बाजूला उतरलेला. मला ओळखायला त्याला क्षणही लागला नाही. मोहिगुल अंगणात वही घेऊनच बसली होती, डोळे सुजलेले.

मी आत जाऊन बसले नाही. उभ्या उभ्या म्हणाले, "अका, कागद मी लिहिला. मुअल्लिमांनी नाही. त्यांनी मला तुझं नाव गाळायची मोकळीक दिली होती, मी गाळलं नाही. मला तुझा राग आला होता. पोरीसमोर सांगते, तिला लिहून घेऊ दे."

अकाचा हात फाटकावरच राहिला. पोरगी मात्र ताडकन उठली. रडली नाही, ओरडली नाही. वही उघडून माझ्यापुढे धरली. "इथे बाबांचं नाव लिहा. बाबांनी यादी पाहिलीय, ते अक्षर ओळखतील. मग साखळी पुरी होईल."

मी लिहिलं. अठरा वर्षं झाली, पण अक्षर कुठे बदलतं? जसं होतं तसंच उतरलं. वाटलं, सुटले. आता काय शिव्या घालायच्या त्या घाल, दारातून हाकल, पण सुटले.

अकाने वही घेतली. उजेडाकडे गेला, खिशातून चष्मा काढला आणि लेन्स सदऱ्याला पुसून डोळ्यांवर चढवला. इतका वेळ बघत राहिला की शेजारच्या गच्चीवरची कबुतरं उडून परत येऊन बसली. मी त्याचे ओठ बघत होते. त्याने ओळखलं होतं, माझी खात्री होती, त्याचा अंगठा त्या अक्षरांवरून हळूच फिरत होता.

मग तो लेकीला म्हणाला, "नाही. हे ते अक्षर नाही."

"अका!"

"आत्या नवऱ्याला वाचवायला आलीय. बायकांचा जीव असतो तसा. माझी नजर चुकली होती, मुअल्लिम बरोबर बोलले." माझ्याकडे न बघता त्याने वही लेकीच्या हातात दिली. "जा, चहा ठेव आत्याला."

"अका, खुदाची शपथ, मीच लिहिलं!" मी ओरडले. "तुला ठाऊक आहे! खरं बोल की रे एकदा!"

"बस, सानो," तो म्हणाला. "उभी किती राहशील?"

त्या क्षणी मला त्याचा तितकाच राग आला जितका वडिलांच्या मयतीला आला होता. माफ करतोय की कोंडतोय, काही कळेना. मी त्या बैठकीवर बसले, माझ्याच भावाच्या अंगणात, आणि माझं खरं कुणीही घ्यायला तयार नव्हतं. मोहिगुलने चहाचं पाणी ठेवलं. मग खाली बसून वही मांडीवर घेतली, साखळीच्या आधीच्या सगळ्या ओळी पुन्हा वाचल्या आणि शेवटी लिहिलं, मला दिसेल असं, मोठ्या अक्षरात: 'आत्या सानोबर. एकाच गोष्टीविषयी दोनदा वेगवेगळं सांगितलं. हिची साक्ष धरू नये.'

मुअल्लिमांनी शिकवलेल्या नियमाने तिचं अगदी बरोबर होतं.